आठ बाजूंनी नाना

जळगावला इंजिनिअरिंगला असताना मी आणि माझी मैत्रीण हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहायचो. मी बोदवडची, ती अमळनेरची. दोघींत मिळून एक जुना कॉम्प्युटर होता, तिच्या मामांच्या दुकानातून निघालेला. त्यावर नवीन काही चालायचं नाही. चालायचा तो एकच खेळ, आमच्या लहानपणी निघालेला, गोळीबाराचा. हातात बंदूक, समोर बोगदे आणि बोगद्यांत राक्षस. पहिल्या सत्रात आम्ही तो इतक्या वेळा संपवला, की कुठल्या दारामागे कोण उभं आहे ते पाठ झालं.

मग मला कळलं की हा खेळ आतून बदलता येतो. जगभरातले हौशी लोक त्यात स्वतःचे नकाशे घालतात आणि त्यासाठी लागणारी साधनं त्यांनीच लिहून फुकट ठेवली आहेत. काही जण तर मूळ खेळातलं काहीच ठेवत नाहीत. भिंती, शस्त्रं, राक्षस, आवाज, सगळं काढून आपलं घालतात. त्याला टोटल कन्व्हर्जन म्हणतात. मी हे मैत्रिणीला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे चासी तीच, बॉडी नवी. एवढ्या कमी शब्दांत मला ते कधीच सांगता आलं नसतं.

मी नकाशे काढायला शिकले. वरून बघितल्यासारख्या रेघा ओढायच्या, रेघांनी बंद झालेल्या जागेला जमिनीची आणि छताची उंची द्यायची, की खोली तयार. तिचा हात चित्रात होता. शिक्षण संपलं, मी जळगावातच एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लागले, ती धुळ्याला एका छापखान्यात डिझाइनचं काम करू लागली. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स. दिवसभर फोटोतून माणसं कापून काढायची आणि दुसऱ्या पार्श्वभूमीवर बसवायची. तिच्याइतकं स्वच्छ कापणारं मी कुणी पाहिलं नाही. कुरळ्या केसांचीसुद्धा कड ती सोडायची नाही.

खेळ करायचा तो अमळनेरच्या तेलाच्या गिरणीवर, ही कल्पना तिची. तिचे वडील त्या गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, पण घरात अजून वेळ सांगताना नाना पहिली पाळी, दुसरी पाळी असंच म्हणायचे. त्यांना सगळे नाना म्हणत, म्हणून मीही. आमच्या खेळात एक कामगार असतो, त्याची पाळी संपत नाही. फाटक बंद आहे, यंत्रं चालू आहेत आणि आत मुकादम फिरतो. मुकादम दिसला की पळायचं, नाहीतर मारायचं. एका रविवारी नानांनी ओळखीच्या वॉचमनला सांगून आम्हाला आत नेलं. मी पावलांनी अंतरं मोजली. कुठे घाणे होते, कुठे टाक्या, कुठल्या जिन्यावर शेंगदाण्याचा चोथा सांडलेला असायचा, नाना सांगत होते आणि मी वहीत लिहीत होते.

मुकादम कोण होणार, हा प्रश्नच आला नाही. नाना स्वतःच म्हणाले की मुकादम मी बनतो. त्यांच्या पाळीवर जो मुकादम होता त्याने त्यांना बारा वर्षं छळलं होतं. त्याची नक्कल ते घरच्या लग्नाकार्यात करत आणि पाहुणे पोट धरून हसत.

या जुन्या खेळात माणूस भरीव नसतो. ते सपाट फोटो असतात. तुम्ही ज्या बाजूने बघाल त्या बाजूचा फोटो कॉम्प्युटर पुढे करतो. त्यामुळे प्रत्येक माणूस आठ बाजूंनी लागतो, आणि चालायचा असेल तर प्रत्येक बाजूची चार पावलं. बत्तीस फोटो. अमळनेरच्या घराच्या गच्चीवर आम्ही खडूने वर्तुळ काढलं, त्याचे आठ भाग केले, मागे पांढरी चादर बांधली. नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिली फेरी ते सरळ चालले, आपलं आपलं, लहान पावलं टाकत, मान जरा पुढे. सगळे बत्तीस फोटो काढून मी स्क्रीनवर पाहिले आणि म्हटलं, नाना, भीती वाटत नाही.

नाना हसले. "हाऊ मी चालनू," ते म्हणाले. "आते मुकादम कसा चालस ते देख."

मग त्यांनी खांदा पाडला, पाय बाहेर फेकले, हातातली काठी दर पावलाला आपटत पुन्हा आठही बाजूंनी चालून दाखवलं. मी शहारले. ऊन कलत होतं, मी भराभर फोटो घेत होते. शेवटी राहिला मरण्याचा. तो मात्र एकाच बाजूने लागतो, कुठूनही बघा, माणूस तसाच पडतो. नानांनी मला विचारलं की हात छातीवर ठेवू का बाजूला टाकू. मी म्हटलं, बाजूला. खाली गादी टाकली होती, तिच्यावर ते पाच वेळा पडले.

तेवढ्यात अक्का, म्हणजे मैत्रिणीची आई, चहा घेऊन जिन्यात आल्या आणि तिथेच थांबल्या. "मरानं सोंग करू नही," एवढंच म्हणाल्या. चहाचा ट्रे कठड्यावर ठेवला आणि खाली निघून गेल्या. आम्ही तिघंही थोडं ओशाळलो. चहा प्यायलो आणि एक फोटो नीट आला नव्हता म्हणून नाना सहाव्यांदा पडले.

मैत्रिणीने धुळ्यात बसून आपल्या वडिलांना एकेका फोटोतून कापून काढलं. मी ते खेळात बसवले. चाचणीसाठी मी मुकादमाला किती वेळा मारलं असेल, मोजलं नाही. तेव्हा ते नाना नव्हतेच. ती माझी फाइल होती, आणि तिचा डावा पाय एका पावलात थोडा उडत होता, तो मला नीट बसवायचा होता.

खेळ आम्ही इंटरनेटवर ठेवला. अशा खेळांच्या शौकिनांची एक जागा आहे, तिथे. सोबत एक माहितीची फाइल द्यायची पद्धत असते. ती मी लिहिली. बहुतेक लोक शेवटी लिहितात तसं मीही लिहिलं, की यातलं काहीही कुणीही घ्यावं, बदलावं, वापरावं. मीही दुसऱ्यांचे दगड, दारं, आवाज असेच घेतले होते, तेव्हा परत द्यायला हवं असं मला वाटत होतं. ती ओळ लिहिताना मला चांगलंच वाटलं. मैत्रिणीला विचारलं नाही. नानांना विचारायचं मनातसुद्धा आलं नाही.

लोकांना खेळ आवडला. कुठल्या कुठल्या देशांतले लोक लिहीत होते, आणि सगळे मुकादमाबद्दल लिहीत होते. नानांना मी ती पत्रं मराठीत करून वाचून दाखवली. ते दोन-तीन दिवस गल्लीत सांगत फिरले म्हणे. मग इतरांनी मुकादम उचलला. एकाने त्याला बर्फात नेलं, एकाने त्याच्या हातात काठीऐवजी तोफ दिली. एकाने गंमत म्हणून एक मोठी खोली केली, तिच्यात चारी बाजूंनी मुकादमच मुकादम, आणि खेळणाऱ्याने ते कापत सुटायचं. त्याचा व्हिडिओ निघाला. मी तो पाहिला आणि खरं सांगायचं तर हसले. आपली वस्तू इतकी पसरली याचं कौतुक वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात नानांना अर्धांगवायू झाला. धुळ्याच्या दवाखान्यात होते, मग घरी आणलं. मी दोनदा भेटून आले. त्यांना बोलता येत नव्हतं, पण मला बघून त्यांनी धडधाकट हात काठी आपटल्यासारखा गादीवर दोन वेळा आपटला. दिवाळीच्या आधी ते गेले.

दहाव्याला मी अमळनेरला होते. महिन्याभराने मैत्रिणीचा फोन आला. तिने तो मुकादमांनी भरलेल्या खोलीचा व्हिडिओ पाहिला होता. खाली लोकांनी काय लिहिलंय तेही वाचलं होतं. आवाज अगदी शांत होता. तिने विचारलं की त्याला परवानगी कुणी दिली. मी फाइलचं सांगितलं. ती ओळ वाच म्हणाली. मी वाचली.

"तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "मला त्याचाच राग येतो."

मग म्हणाली, त्यांना काढ.

आमच्या खेळातून मी त्याच दिवशी काढलं. जिथे जिथे मुकादम दिसला तिथल्या माणसाला लिहिलं. काहींनी लगेच ऐकलं, एकीने तर न विचारता सगळीकडून शोधून मला यादी पाठवली. बर्फवाल्याने माझीच ओळ मला परत पाठवली, नम्रपणे, की तुम्हीच दिलं आहे. त्या मोठ्या खोलीवाल्याचं उत्तर आलं नाही. आणि लोकांनी आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेल्या प्रती होत्याच, त्या कुणाकडे किती आहेत हे मला कसं कळणार.

संक्रांतीनंतर अक्कांचा निरोप आला, मैत्रिणीकडूनच. नानांचे चालतानाचे फोटो तुझ्याकडे आहेत ना, आईला बघायचेत. घरात नानांचे फोटो होते ते सगळे बसलेले, लग्नांत, फेटा बांधून. चालताना कुणी कुणाचा फोटो काढतं? मी दोन दिवस बसून एक छोटा नकाशा केला. बंदूक काढून टाकली. नुसती गच्ची, तिच्यावर ऊन, आणि नाना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात, परत येतात. कुणाच्या अंगावर येत नाहीत.

रविवारी सकाळच्या गाडीने अमळनेरला गेले. लॅपटॉप अक्कांच्या समोर पाटावर ठेवला. मैत्रीण दाराशी उभी राहिली, बघायला पुढे आली नाही. अक्कांनी चष्मा लावला. नाना या टोकाचे त्या टोकाला गेले, वळले, आले. काठी आपटत, खांदा पाडून. अक्का बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, रडतील.

"ह्या नाना नहीत," त्या म्हणाल्या. "हाऊ तं मुकादम शे."

चष्मा काढून त्यांनी मला विचारलं की त्यांचे स्वतःचे नाहीत का, जसे ते चालायचे तसे. पहिली फेरी मला आठवली. ते बत्तीस फोटो मी त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत कॅमेऱ्यातून पुसले होते, कार्डात जागा हवी होती म्हणून. मी अक्कांना नाही म्हटलं. पुसले हे सांगायचं धाडस झालं नाही. त्यांनी मान हलवली, उठल्या आणि मला जेवून जा म्हणाल्या. कळण्याची भाकरी आणि भरीत होतं. मी खाल्लं. नाही म्हणण्याचा मला हक्क नव्हता असं वाटलं.

मैत्रीण मला सोडायला स्टेशनपर्यंत आली. गाडी उशिरा होती. बाकावर बसल्यावर मी तिला पहिल्या फेरीच्या फोटोंचं खरं काय ते सांगितलं. ती चिडेल अशी मी वाट बघत होते, चिडली असती तर बरं झालं असतं. ती रुळांकडे बघत स्वतःचं सांगू लागली. नाना गेल्यावर तीन आठवड्यांनी तिने धुळ्याच्या खोलीवर आमचा खेळ लावला होता, फक्त त्यांना बघायला. पण ते दिसले की अंगावर येत, आणि ती मेली की खेळ पहिल्यापासून.

"मी चार वेळा मारलं त्यांना," ती म्हणाली. "म्हणजे जिन्यापर्यंत जाता आलं. तिथे ते परत होते."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण बोटं मिटली नाहीत. गाडी आली.

याला आता दीड वर्ष होतं आहे. आमचं बोलणं आहे, दोन-तीन महिन्यांतून एकदा, छापखान्याचं, अक्कांच्या गुडघ्यांचं. खेळाचा विषय ती काढत नाही आणि मी काढत नाही. नकाशे काढायचं साधन माझ्या कॉम्प्युटरवर अजून आहे. लॅबमध्ये मुलं विचारतात तेव्हा त्यांना भिंत कशी उभी करायची ते दाखवते, पण माणूस घालायचा विषय आला की आधी बसवून विचारते, हा कोण आहे, त्याला सांगितलंस का. मुलांना ते चमत्कारिक वाटतं.

गेल्या महिन्यात त्या मोठ्या खोलीवाल्याला मी पुन्हा लिहिलं. या वेळी परवान्याचं, हक्काचं काही लिहिलं नाही. लिहिलं की तुमच्या खोलीत जो माणूस आहे तो तेलाच्या गिरणीत फिटर होता, त्याला दोन मुली, त्याला गोड फार आवडायचं, आणि तो तुमच्या खेळात चालतो तसा चालत नव्हता. अजून उत्तर नाही.