सेक्रेटरीपदाची पाच वर्षं

अरुणाताईंचे निम्मे बटाटे चिरून पाण्यात पडले होते, तेवढ्यात श्यामसुंदर वाशीहून डायलिसिस करून जुईनगरच्या घरी परतले. १९९३ साली त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. त्यांना बाधणारे क्षार निघून जावेत म्हणून चिरलेल्या बटाट्यांचं पाणी दोनदा ओतून टाकायचं आणि देवाचं तीर्थसुद्धा त्यांच्या दिवसाच्या मोजलेल्या पाण्याच्या बाटलीतूनच द्यायचं, हे घरात अंगवळणी पडलं होतं.

आज मात्र ताईंचा जीव टांगणीला लागला होता. सोसायटीला श्यामसुंदर सेक्रेटरी म्हणून हवे होते, पाच वर्षांसाठी. अर्ज भरून तयार होता, पण सही अडली होती. "तेवढं आयुष्य हातात नसेल तर लोकांचं काम अंगावर घेऊ नये," असं त्यांचं म्हणणं.

"अहो, विचारलंत का डॉक्टरांना?"

"विचारलं. म्हणाले, कुणी पाच वर्षं काढतं, कुणी दहा, पथ्यानं राहणारे काही वीससुद्धा. तुमची तारीख माझ्याकडे नाही. बाजूच्या खाटेवरचे उरणचे रशीदभाई तर हसायलाच लागले. त्यांचं आठवं वर्ष चालू आहे. म्हणाले, 'सोसायटीची भांडनं अंगावर घे रे, मरायला येळच मिलनार नाय तुला!'"

ताई खळखळून हसल्या. "मग?"

"मग काय, पेन दे. राहिलंच काही, तर पुढचा करील."

सही झाली. ताईंनी देवापुढे हात जोडले. अर्ज सहाच्या आत पोचवायचा होता, म्हणून पदराला हात पुसत त्या तो द्यायला तळमजल्यावर अध्यक्षांकडे निघाल्या.