सात शिट्ट्यांची अळंबी

बोईसरच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून आपल्याला अळंबी शिजवता येईल असा माझा समज होता.

बाबा गेल्यानंतर आई साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती. तिने आता इथेच राहावं हा माझा हट्ट. तिचं मात्र चौथ्या दिवसापासून "रविवारचं तिकीट काढ" सुरू झालं. नवी कवळी टोचत होती, पाणी मचूळ लागत होतं आणि "हितल्या हवेलाबी मासळीचा वास येतोय" हे तर दिवसातून दहादा. श्रावण कडक पाळणारी बाई. रोज वरणभात कालवून खायची आणि गावाकडच्या अळंबीची आठवण काढायची.

शनिवारी स्टेशनबाहेर डोंगरातून आलेल्या एका मावशींपुढे सागाच्या पानावर अळंबीचा ढीग दिसला. होता तेवढा सगळा उचलला. बायको कारखान्यात दुसऱ्या पाळीला, त्यामुळे स्वयंपाकघर माझंच. कवळीला सोसावी म्हणून अळंबी अख्खीच कुकरात घातली. तीन शिट्ट्या झाल्या, मऊ पडेना. पाच झाल्या. सात झाल्या. शेजारणीने दारातून हळूच विचारलं, "मटण का हो, भाऊजी? श्रावणात?" अळंबी आपली ढिम्म.

शेवटी स्कूटर काढून पुन्हा मावशींकडे गेलो. सात शिट्ट्यांचं ऐकून त्या पोट धरून हसल्या आणि शेजारच्या भाजीवालीलाही सांगून आल्या. मग म्हणाल्या, "ती काय शिजून गळाची नाय, भाऊ. दुधी हाय का तो? बारीक चीर आन् कांद्यावर परत."

परतताना मला माझाच धडा आठवला. भाजीच्या पेशींना सेल्युलोजची भिंत असते, आणि त्या भिंती एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन उकळताना विरघळतं, म्हणून दुधी मऊ होतो. अळंबीच्या भिंतीत कायटिन असतं, ते आचेला दाद देत नाही. दह्यातल्या जिवाणूंची भिंत आणखी तिसरीच, साखर आणि प्रथिनांच्या तुकड्यांनी विणलेली जाळी. इतकी वर्षं हे सगळं फळ्यावर लिहितोय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

कुकरातलीच अळंबी बारीक चिरून परतली. आईने एक भाकरी संपवली आणि दुसरी मागितली. बाबा गेल्यापासून तिने काही मागून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मास्तरची जीभ सुटली. "आई, गंमत सांगू? हिच्या भिंतीत जे असतं ना, तेच कोलंबीच्या कवचात असतं."

तिचा घास हातातच राहिला. उद्याचं तिकीट आपणच आपल्या तोंडाने काढलं, असं वाटलं.

"कवच म्हंजी साल?" तिने विचारलं.

"हो."

"ते खात्यात व्हय हितली मानसं?"

"नाही, सोलून टाकतात."

"मग टाकायच्या वस्तूला कशाला भ्यायचं?" तिने घास तोंडात टाकला आणि सावकाश चावला. ताट पुसून लख्ख केल्यावर म्हणाली, "तिकीट काढलंस?"

"अजून नाही."

"मग ऱ्हाऊ दे. श्रावण सरला की त्या सालीच्या आत काय असतंय, ते करून घाल मला."