मोळी आमटी

रविवारी संध्याकाळी बडोद्यात गॅस पेटवणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. सकाळचा स्वयंपाक आटपला की घरातली बाई सुटली, आणि संध्याकाळी अख्खं गाव नटूनथटून हॉटेलांच्या दारात उभं. लग्न होऊन मी साताऱ्याहून इथे आले तेव्हा पहिल्याच रविवारी ती गर्दी बघून मला वाटलं, कुणा बड्या घरचं लग्न आहे. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "लग्न कसलं? आज रविवार ना!"

त्याचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. तलवारीच्या गोष्टी घरात अजून सांगतात. हा मात्र मकरपुऱ्यातल्या कारखान्यात, आणि चवीच्या बाबतीत पुरता शरण गेलेला. पुढ्यात काहीही आलं की याचं एकच म्हणणं, "फावेल आपल्याला," म्हणजे चालेल. मी तेव्हाच मनाशी ठरवलं, घर बडोद्याचं झालं तर झालं, जीभ साताऱ्याचीच राहील. आणि त्यानेही ठरवलं होतं, तसं तो बोलूनच दाखवायचा, "एकदा तरी हॉटेलात बसून तुझ्या तोंडून 'छान आहे' ऐकायचंय मला." बावीस वर्षं आमचे रविवार याच भांडणात गेले.

काय काय खाल्लं नाही आम्ही! थाळीच्या हॉटेलात बसायच्या आत चार वाढपी अंगावर येत. दाळ गोड, कढी गोड, बटाट्याची भाजी गोड, आणि हे कमी म्हणून की काय, लोणचंही गोड. "बेन, दाळ आपुं?" असं विचारायचे आणि मी नको म्हणेपर्यंत वाटी भरलेली असायची. याला आग्रह म्हणतात म्हणे. आमच्याकडे याला ऐकू न येणं म्हणतात. पंजाबी हॉटेलात दिवे इतके मंद, की पानात काय आहे ते दिसू नये हाच उद्देश असावा. तीन भाज्या मागवा, तीन नावं, तीन वाडगे, रस्सा एकच लाल. चायनीज म्हणून जे मिळायचं, ती बाटलीतल्या काळ्या पाण्यात परतलेली कोबी. तीच कोबी मी आदल्या दिवशी खंडेराव मार्केटातून आणलेली असायची, आणि घरी तिचं काहीतरी बरं केलं असतं. लहरीपुऱ्याकडे शेवउसळ खायला नेलं तेव्हा तर नवरा अगदी छाती फुगवून म्हणाला, "ही तरी आपलीच ना? उसळ!" मी म्हटलं, "मिसळीची दूरची, दुरावलेली नातेवाईक आहे." तो बिचारा ताट पुसून खायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. मी नाक मुरडायची. मला त्यात एक प्रकारचा आनंद होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्याच्या बोलण्याचीही मी अशीच खोड काढायची. इथे साखर किंवा मीठ कमी पडलेल्या पदार्थाला 'मोळं' म्हणतात. नवरा सकाळी कप तोंडाला लावून म्हणायचा, "चहा मोळा झालाय." मी म्हणायची, "अहो, फिका म्हणा. मोळी असते ती लाकडाची. डोक्यावरून आणतात." हे मी निदान हजार वेळा म्हटलं असेन. सासूबाई आमटीत गुळाचा भला मोठा खडा टाकायच्या, त्यांनाही मी मनातल्या मनात हसायची. त्या गेल्यावर स्वयंपाक माझ्या हातात आला. घरच्यांना सवय होती म्हणून गूळ मीही घालायची, पण चवीपुरता. तसं मी सगळ्यांना सांगायचीही.

मग एका रविवारी नवरा काहीतरी बातमी घेऊन आल्यासारखा, मोठ्या खुशीत दिसला. कुठे जायचं ते सांगेना. स्कूटर मकरपुऱ्यामागच्या एका सोसायटीत नेली. तळमजल्यावर पाटी होती, 'घरगुती मराठी जेवण'. स्वतःच्या नवऱ्याच्या बदलीमुळे कऱ्हाडहून आलेली एक बाई आपल्या पुढच्या खोलीत चार टेबलं मांडून जेवण देत होती. आत पाऊल टाकलं आणि कांदा-लसूण मसाल्याचा वास आला. माझे डोळे भरून आले. भाकरी, भरलं वांगं, ठेचा आणि वाफाळती आमटी. बाई स्वतः वाढत होती आणि नको म्हटलं की थांबत होती. नवरा भाकरीला हातही न लावता माझ्याकडे बघत बसला होता. जिंकलाच तो, असं मला वाटलं.

मी आमटीचा घोट घेतला. घशाला तिखट लागलं. दुसरा घेतला. काहीतरी राहिलं होतं. काय ते कळेना. बाई समोरच उभी होती, कसं झालंय म्हणून.

"आमटी जरा मोळी आहे," मी म्हणाले.

"मोळी?" तिला काही कळेना. "कसली मोळी, ताई?"

नवऱ्याने मान खाली घातली. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "म्हणजे... गूळ घातला नाहीत का?"

"अगं बाई, गूळ होय! आमच्याकडं आमटीत गूळ नाही घालत. थांबा, आणते." आत जाता जाता ती वळली आणि कौतुकाने म्हणाली, "गुजराती ना तुम्ही? पण मराठी काय छान बोलता हो!"

मी साताऱ्याची आहे, हे वाक्य तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. त्या बाईची नाही, मी बावीस वर्षं मुरडलेल्या नाकाची. नवऱ्याला सूड उगवायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. तो बाईला एवढंच म्हणाला, "आम्ही बडोद्याचे."

गुळाची वाटी आली. मी माझ्या आमटीत खडा टाकला आणि ढवळत राहिले. त्याने आपली वाटी माझ्यापुढे सरकवली. तिच्यातही टाकला.

मग एक घोट घेतला आणि वर न बघता म्हणाले, "छान आहे."