नॅक्सॉसला खुर्ची कशी विकली गेली

स्वयंपाकघरातली कपाटं, मागचा डेक, देव्हारा, लेकीचा, ईशाचा पाळणा आणि मंजिरीची घडीची आरामखुर्ची. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या घरात एवढं मी स्वतःच्या हातांनी केलंय. कुणी शिकवलं नाही; लाकूड वाया घालवत शिकलो. त्यातली खुर्ची सर्वात अवघड. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर बाजारातल्या एकाही खुर्चीत तिला दहा मिनिटं बसवेना. मग तिच्या पाठीचं माप घेऊन सागवानात केली. स्क्रू एकही दिसत नाही.

ग्रीसला जायचं ठरलं तेव्हा मंजिरीची एकच अट होती, "खुर्ची येत असेल तर मी येते." एअरलाइनने जादा सामानाचे पैसे घेतले. ह्यूस्टनहून एक विमान बदलून अथेन्स, तिथून फेरीबोटीने नॅक्सॉस बेटापर्यंत साडेपाच तास. वेगवान फेरी लवकर पोचते, पण फार हलते. पाठदुखी असेल तर नको. बीचवर दोन पलंग आणि छत्रीचे चाळीस युरो ऐकून मी हबकलो. आपली खुर्ची उघडली आणि सावली शोधली.

जेवायला पाण्याला लागूनच स्टेलिओसचं खानावळवजा हॉटेल होतं. फावा जरूर मागवा: पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा. इथले बटाटेही नावाजलेले आहेत, आणि खरंच तसे आहेत. स्टेलिओस मात्र जेवण सोडून, मंजिरी टेबलाशी बसली होती त्या आमच्या खुर्चीभोवतीच फिरत होता. बिजागरी चाचपली, खाली वाकून सांधे पाहिले. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

"यू सेल?" त्याने विचारलं.

"अहो, द्यायची नाही हं!" मंजिरी म्हणाली.

"नै गं, नै!" मी तोंडात बटाटा असताना म्हणालो.

स्टेलिओसने माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. कौतुक असेल म्हणून मीही हलवला.

जेवण झाल्यावर खुर्ची टेबलाशीच ठेवून पोहायला गेलो, परत आलो तर ती जागेवर नाही. ताटलीखाली चारशे युरो. मंजिरी ओल्या कपड्यांत कमरेवर हात ठेवून उभी. "अहो, आता मी बसू कशावर? परत जाऊ कशी?"

ईशा हसून हसून वाकली होती. "बाबा, यू सेड येस! ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो!"

खुर्ची शेजारच्या लॉजच्या दारात मांडलेली सापडली. ते लॉज स्टेलिओसच्या बहिणीचं. मी ओरडलो, "नै! नै!" तो खूश होऊन म्हणाला, "ने, ने!"

"बाबा, 'ओही' म्हणा. ओही मीन्स नो."

"ओही!"

त्याने खिशातून आणखी शंभर काढले. मी परत ओही. आणखी शंभर. त्याला वाटलं, मी घासाघीस करतोय. तेवढ्यात मंजिरी शांतपणे जाऊन खुर्चीत बसली, पाठ टेकली आणि डोळे मिटले. स्टेलिओस तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने मी पुढे केलेले चारशे परत घेतले आणि तिच्यासाठी आतून थंड कलिंगड आणलं.

नॅक्सॉसला जरूर जा. पाणी इतकं निळं असतं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. पण घरी येऊन आठवतं ते ती चारशे युरोंची ताटली आणि बायकोचा पांढराफटक चेहरा.

गेल्या आठवड्यात स्टेलिओसचा ईशाच्या फोनवर मेसेज आला. बहिणीच्या लॉजसाठी तश्शाच वीस खुर्च्या हव्यात. ईशा म्हणाली, "बाबा, डू इट!" पण माझ्याकडे माप एकाच पाठीचं आहे, आणि मापाशिवाय मी रंधा उचलत नाही. नाही म्हणून कळवलं. तो देत होता नऊशे युरोला एक, वीसचे अठरा हजार.