पहिल्या पानावर न येणारं स्थळ

३ डिसेंबर, बोंडअळीचं साल. त्या दिवशी आमच्या वेबसाइटच्या पहिल्या पानाचं शीर्षक बदलायचं होतं.

यवतमाळला माझं वधू-वर सूचक केंद्र आहे. भाड्याचा गाळा, एक टेबल, खुर्च्या, कॉम्प्युटर. रोज शटर उघडलं की मी ‘यवतमाळ वधू-वर’ असं इंटरनेटवर शोधून बघायची. आमची साइट सगळ्यात वर दिसायची. तिच्यावर दाबायची आणि निर्धास्त कामाला लागायची. तरी दिवाळीपासून मुलीवाल्यांचे फोन येईनासे झाले होते. अळीनं कापूस गेला, लोकांनी लग्नं पुढे ढकलली असतील, असं मी धरून चालले होते. मग दोनच दिवसांपूर्वी एका साखरपुड्यात एका मुलीच्या वडिलांनी स्वतःच्या मोबाईलवर तेच शब्द टाकले. शोधात आलेल्या पहिल्या पानावर आम्ही नव्हतो. दुसऱ्यावरही नव्हतो.

पुसदचे एक संगणक शिक्षक साइट सांभाळतात. त्यांना फोन लावला, तर ते हसायलाच लागले.

“ताई, तुमचं मशीन तुम्हाले ओळखते. रोज तुम्ही आपल्याच साइटवर दाबता, म्हणून ते तुम्हाले तेच वर दाखवते. बाकीच्याईले कायले दाखवीन?”

लोक काय शोधतात तेही त्यांनी सांगितलं. नोकरीवाला मुलगा, सरकारी नोकरी, पुण्यातला मुलगा. शेती करणारा मुलगा कोणी टाइप करत नाही. आमच्या पहिल्या पानावर मात्र ‘शेतकरी स्थळे’ हेच ठळक, कारण माझ्याकडे नोंदणी त्यांचीच जास्त. ते खाली घ्या, नोकरीवाले वर आणा, शीर्षकात तेच शब्द घाला, असं त्यांचं म्हणणं. केंद्र चालवायचं तर दुसरा उपाय नव्हता.

मी शीर्षक टाइप करत होते, तेवढ्यात आर्णीकडच्या खेड्यातली एक आई आली. मुलगा छत्तिशीचा, घरची कोरडवाहू शेती करतो. एसटीनं ती अधूनमधून चौकशीला यायची. या खेपेला प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून त्याचा नवा फोटो आणला होता.

“बाई, शेजारच्या पोरीनं मोबाईलवर आर्णीची स्थळं शोधली. माहं पोरगं दिसलंच नाही. काहून?”

मी तिला सरळ सांगितलं. लोक नोकरी शोधतात, म्हणून नोकरीवालेच दिसतात.

“जावई शेतकरी नको म्हन्तेत,” ती म्हणाली, “अन् तुरीची डाळ मात्र घरची पाहिजे लोकाईले.”

मला हसू आलं. ती हसली नाही.

“मंग टाका नं नोकरी. जिनिंगवर कापूस तोलाले काट्यावर बसते तो, कापसाच्या दिवसात.”

“ती नोकरी नाही, मावशी. मुलीकडचे चौकशीला आले, तर काय सांगाल?”

“सांगीन, यंदा कापूसच नाही म्हून.”

मी तसं लिहिणार नाही म्हटल्यावर तिनं फोटोची पन्नी उलगडली.

“त्याले सैपाक येते, बाई. भाकर माह्यापेक्षा चांगली टाकते. पण मी गेल्यावर एकट्यासाठी चूल पेटवीन का तो? बिस्किटं खाऊन झोपीन.”

तिच्यासमोर मी नवा फोटो चढवला. तो तिनं पडद्यावर नीट पाहिला आणि दुपारची गाडी गाठायला निघाली. ती गेल्यावर मी शीर्षक बदललं. शेतकऱ्यांचं पान साइटवर राहिलं, पण तिथे पोचायला आता तीनदा दाबावं लागत होतं. एवढं दाबत कोण जाणार, हे मला कळत होतं. चार-दोन आठवड्यांत आपण वर येऊ, असं शिक्षकांनी फोनवर सांगितलं. मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर लावलाच नाही. ज्यांच्या मुलींची नोंदणी आमच्याकडे होती, त्यांना एकेक करून फोन करायला बसले. पहिल्या गृहस्थांना आर्णीकडचं स्थळ सांगितलं. घरचे लोक चांगले, मुलगा निर्व्यसनी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“करतो काय मुलगा?”

“शेती,” मी म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. मी दुसरा नंबर लावला.