उरलेल्या घेवराची सोयरीक

श्रावण शुद्ध द्वितीया. स्थळ : जयपूर, जगतपुऱ्यातला आमचा फ्लॅट. हजर : मी, आमचे हे (बँकेत, नुकतीच इथे बदली), चिरंजीव निखिल (सव्वीस, अविवाहित, हा तपशील पुढे लागेल) आणि सांगलीहून आलेल्या वन्सं. गैरहजर : माझी अक्कल.

परमुलखात गेलं की तिथलं खाणं पद्धतशीर चाखायचं, हा माझा नियम. घेवर म्हणजे तुपात तळून पाकात मुरवलेली, मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार चकती. पाच दुकानांतून पाच आणले : साधा, मलईचा, माव्याचा, पनीरचा, केशराचा. प्रत्येकाचा एकेक त्रिकोण कापायचा, चौघांत वाटायचा, दहापैकी गुण द्यायचे, घोटभर पाणी, पुढचा!

तिसऱ्याला ह्यांनी पट्टा सैल केला. चौथ्याला वन्सं भिंतीला टेकल्या. पाचव्याला निखिल म्हणाला, "आई, मतलब, ही परीक्षा कधी संपणार?"

संपली, पण घेवर उरले. फ्रिजमध्ये जागा नाही आणि वाया घालवणं माझ्या रक्तात नाही. मलईचा घेवर समोरच्या शर्माभाभींकडे पाठवायचं ठरलं. त्यातला कापलेला त्रिकोण दिसत होता, तिथे मी केशराचा त्रिकोण चपखल बसवला. (व्यवहारी बाई!) माशा बसू नयेत म्हणून वर नवी लहरियाची, इथल्या नागमोडी रंगीत पट्ट्यांची, ओढणी घातली. वन्सं म्हणाल्या, "श्रावणात लेक असलेल्या घरी नुसतं ताट पाठवू नये गं," आणि त्यांनी डझनभर हिरव्या बांगड्या ठेवल्या. बाकी सगळे कपडे वाळत होते, म्हणून निखिल इस्त्रीचा कुर्ता घालून ताट देऊन आला.

अर्ध्या तासात बेल वाजली. दारात भाभी. डोळ्यांत पाणी!

"बहनजी, आपने तो सिंजारा भेज दिया!"

"काय भेजा?"

मग कळलं. इथे तीजेच्या आदल्या दिवशी मुलाच्या घरून लग्न ठरलेल्या मुलीला घेवर, लहरिया आणि बांगड्या जातात. त्याचं नाव सिंजारा.

"और लड़का खुद लेकर आया! घेवर भी दो रंग का! आपके यहाँ का शगुन होगा ना? मैंने बीकानेरवाली बुआजी को फोन कर दिया!" मला घट्ट मिठी मारून त्या गेल्या.

हे गरजले, "जा! ती बुआ गाडीत बसायच्या आत गैरसमज दूर करून ये!"

मी यादीत 'गैरसमज दूर करणे' लिहिलं, तीन वाक्यं पाठ केली आणि समोर गेले. दार रितिकानं, भाभींच्या लेकीनं, उघडलं.

"आंटी, टेन्शन मत लो. मैंने मना कर दिया."

झालं की काम! 'बरं' म्हणून घरी यायचं. पण माझ्या तोंडून निघालं, "मना? क्यों? क्या कमी है हमारे निखिल में?"

"आंटी, वो ऐसे खड़े थे जैसे पार्सल लाए हों. मैंने तो ओटीपी पूछ लिया!"

"वो शर्मीला है! अपनी थाली खुद धोता है! कांदा बारीक काटता है! सगळी कागदपत्रं फाइल में रखता है!" पाठ केलेली तिन्ही वाक्यं कुठे गेली, देव जाणे. "एक बार ठीक से मिल तो लो!"

रितिका हसायला लागली. "कांदा सच में काटते हैं?"

मागून भाभी म्हणाल्या, "तो इतवार को?"

"इतवार को!" मीच म्हणाले. मीच!

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "झाला दूर?"

"बराच जवळ आलाय," मी म्हणाले आणि वन्सं पुन्हा भिंतीला टेकल्या.

आज शनिवार. बुआजी पोचल्यात; समोरून त्यांचा आवाज येतोय. निखिल आत निवांत पनीरचा घेवर संपवतोय. यादीतलं जुनं काम खोडून मी नवं लिहिलंय, 'निखिलला सांगणे', आणि ते अजून राहिलंय.

त्याचा कुर्ता मात्र मी इस्त्री करून ठेवलाय.