सांडशीचे तीन ठोके

धारवाडच्या एका कॉलेजात जयतीर्थांनी तेहतीस वर्षं प्राणिशास्त्राच्या सांगाड्यांवरची धूळ झटकली. प्राध्यापक आले नि गेले. सांगाडे आणि जयतीर्थ टिकले. त्यामुळे कोणता प्राणी कोणाचा भाऊबंद, हे ठरवण्याचा अधिकार आपोआप त्यांच्याकडे आला. निवृत्तीनंतर हाताशी प्राणी उरले नाहीत, म्हणून ते माणसांकडे वळले.

या विद्वत्तेची पहिली झळ लागली लेकीला, दीपश्रीला. हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या कापडवाल्यांचा सुमंत तिला पसंत होता, त्याला ती. पत्रिका जुळली, गोत्रं वेगळी निघाली, आता याद्या तेवढ्या करायच्या. अशात त्या घरी जेवायला बसलेल्या जयतीर्थांना आतून आवाज आला. आमटीला चर्र फोडणी, वर झाकण, आणि झाकणावर सांडशीचे तीन ठोके!

घरी येताच निकाल लागला. "हे लग्न होणार नाही. ते आपले भाऊबंद आहेत."

"अप्पा, गोत्र वेगळं आहे की!"

"गोत्र माणूस सांगतो. सांडशी खोटं बोलत नाही. तुझी आई फोडणीनंतर काय करते? तीन ठोके! माझ्या आईचंच वळण ते. हे बघ, कामाची वस्तू सारखी असली तर काही सिद्ध होत नाही. पंख वटवाघळाला आहेत, चिमणीलाही आहेत. म्हणून काय त्या सख्ख्या बहिणी? पण बिनकामाची खूण सारखी निघाली, की मूळपुरुष एक. देवमाशाच्या पोटात कंबरेची हाडं उरलीत. चालायला जातो का तो? पण त्यावरून कळतं, पूर्वज चार पायांवर हिंडत होते."

दीपश्रीचे डोळे भरून आले. देवमाशापायी लग्न मोडलेली जिल्ह्यातली ती पहिलीच मुलगी ठरणार होती.

इतका वेळ मेथी निवडत बसलेल्या हेमावतीबाईंनी मान वर केली. "अहो, ठोके तुमच्या आईचे नव्हेत. रायापूरच्या कौसल्याअक्काचे. हिच्या वेळी माझ्या बाळंतपणात स्वयंपाकाला होती, आठवतं का? त्याआधी ती दाजीबानपेठेत त्यांच्याकडेच रांधायची."

"पण ती तरी का ठोकायची?"

"तिच्या सांडशीचा खिळा ढिला होता, ठोकून बसवायची. माझा घट्ट आहे. हाताला सवय लागली, झालं."

पण शास्त्रज्ञ कधी हरत नाही, सिद्धांत दुरुस्त करतो. "असतं," जयतीर्थ खाकरून म्हणाले, "बॅक्टेरियात असतं असं. जन्माचं नातं नसलं तरी शेजाऱ्याकडून गुण उचलतात. चालेल, लग्न करा."

दीपश्रीनं केव्हाच सुमंतला फोन लावला होता.

"याद्या रविवारी करू," हेमावतीबाई मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाल्या. "फक्त व्याह्यांना बॅक्टेरिया म्हणू नका."